थरथर कुठली, मिसिंग कुठलं

“थ्री सिलिंडर आहे मॅडम, थरथरणारच.” माझ्या पेट्रोल हॅचबॅकची तक्रार घेऊन ज्या ज्या गॅरेजात गेले, तिथे हेच ऐकलं. वाक्य खोटं नव्हतं, पंचाईत तीच.

सिग्नलला उभी असली की स्टेअरिंग थरथरायचं आणि आंबा घाटाच्या चढाला गाडी मध्येच दम टाकायची. पहिल्या गोष्टीला इंजिनाचा स्वभाव म्हणता येईल, दुसरीला नाही. दोन्हींना उत्तर मात्र एकच मिळत गेलं. शेवटी गाडी साध्या सपाट रस्त्यावरही पळेना, तेव्हा एका मेकॅनिकने स्कॅनर लावला. एका सिलिंडरची इग्निशन कॉइल गेलेली होती. ती बदलणं फारसं महाग नव्हतं. पण तोवर न जळलेलं पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळत राहिलं होतं. आतली सिरॅमिकची जाळी वितळून एक्झॉस्टची वाटच बुजली होती. त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असल्या धातूंचा लेप असतो; बिलही त्याला साजेसंच आलं.

म्हणून स्वभाव आधी समजून घ्या. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकशाफ्ट दर १८० अंश फिरला की एकदा पेट्रोल पेटतं, तीनच्या इंजिनात दर २४० अंशांना. आयडलिंगला हे अंतर हाताला कळतं. शिवाय तिन्ही पिस्टनचे मुख्य धक्के एकमेकांना खोडून काढत असले, तरी पहिला आणि तिसरा दोन टोकांना असल्यामुळे इंजिन सी-सॉसारखं डुलू पाहतं. ते डुलणं पचवायचं काम रबरी माउंटिंगचं. गॅरेजात त्याला फाउंडेशन म्हणतात. काही इंजिनांत त्यासाठी बॅलन्सर शाफ्ट असतो, पण त्याने किंमत वाढते.

तरी कंपन्या तीनच सिलिंडर का देतात? भाग कमी, घर्षण कमी, वजन कमी, मायलेज जास्त. १९८३ च्या अखेरीस आलेल्या मारुती ८०० चं ७९६ सीसीचं इंजिनही तीन सिलिंडरचंच होतं आणि कित्येक घरांतली पहिली गाडी तीच. तेव्हा फारशी कुणाची कुरकुर नव्हती. अँबॅसेडर आणि फियाटच्या शेजारी ती गुळगुळीतच वाटली असणार! २०२४ मध्ये स्विफ्टनेही चार सोडून तीनचं इंजिन घेतलं. तेव्हा हे इंजिन टाळा असं मी म्हणणार नाही. शहरातल्या छोट्या गाडीला ते योग्यच आहे.

स्वभावाची थरथर एकसारखी असते आणि रेस किंचित वाढवली की विरते. एसी लावल्यावर ती थोडी वाढते, तेही चालतं. मिसिंगला, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटण्याला, मात्र ताल नसतो. मध्येच ठोका चुकतो, चढावर किंवा भरल्या गाडीत ते वाढतं, पिकअप जातो. तीनपैकी एक सिलिंडर बंद म्हणजे साधारण तिसरा हिस्सा ताकद गेली, ती कळल्याशिवाय राहत नाही. स्टार्ट-बंद करताना किंवा रिव्हर्स टाकताना धाडकन झटका बसत असेल, तर आधी फाउंडेशन बघायला सांगा.

मिसिंगचा संशय आला की स्कॅन करून घ्याच. पी ०३०१, ०३०२, ०३०३ हे कोड अनुक्रमे पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या सिलिंडरचं मिसिंग दाखवतात. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल तर संशयित कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावून बघायला सांगा. कोडही तिच्याबरोबर सरकला, तर दोष कॉइलचा. नाही सरकला तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन बघावं लागेल. एवढं न करता स्वभावाचं कारण पुढे करणाऱ्या गॅरेजातून गाडी सरळ बाहेर काढा.

चालवताना वरच्या गिअरमध्ये कमी वेगाने इंजिन रडवू नका. या इंजिनांना खालच्या आरपीएमला जोर बेताचाच असतो. घाटात वेळेवर गिअर खाली घ्या.

सेकंडहँड घेणार असाल तर इंजिन थंड असतानाच स्वतः स्टार्ट करा. आधीच गरम करून ठेवलेली गाडी दाखवली तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा. आणि चेक इंजिनचा दिवा नुसता पेटून राहिला तर लवकर गॅरेज गाठा. लुकलुकायला लागला तर मात्र गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि टो करूनच न्या. टोइंगचे पैसे कन्व्हर्टरच्या बिलापुढे किरकोळ असतात.