फोनमध्ये आवाज बारीक येतोय? फवारणीआधी दहा मिनिटं काढा



आजचा मेसेज फोनबद्दल आहे. जरा मोठा आहे, 'आणखी वाचा' दाबून शेवटपर्यंत वाचा. कारण आधी सांगते.

मागच्या खरिपात एका काकांचा शेतातून फोन आला. सोयाबीनवर पानं खाणारी अळी होती. मी क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल १८.५ एससी सांगितलं, १० लिटर पाण्याला ३ मिली. काकांनी दोनदा विचारलं, "किती?" मी दोनदा सांगितलं, "तीन." मग ते "बरं बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. थोड्या वेळाने परत फोन. "ताई, बाटली संपली की. एवढं लागतं का हे औषध?"

काकांनी *तीस* ऐकलं होतं. १५ लिटरच्या पंपात साडेचार मिली जायला हवं, तिथं ४५ मिली गेलं. ६० मिलीची बाटली एकरभर पुरते, ती दुसरा पंप भरतानाच संपली. पैसे गेले, चार ओळींवर दहापट औषध पडलं आणि बाकीचं रान अळीला मोकळंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी शेतात गेले. काका म्हणाले, "फोन दोन महिन्यांपासून असाच हळू बोलतोय. तिसऱ्यांदा विचारायला बरं वाटेना." फोन हातात घेऊन पाहिला. वरची जाळी माती आणि तंबाखूच्या भुकटीनं गच्च भरलेली. मऊ ब्रश फिरवला आणि आवाज मोकळा झाला.

चूक एकट्या काकांची नव्हती. आकडा मीही लिहून पाठवायला हवा होता. आता पाठवते. पण तुमचा फोनही नीट ऐकू यायला हवा. तीन-तीस, सात-साठ, वीस-तीस यांत एकाच अक्षराचा फरक आहे, आणि आवाज बारीक असला की तेच अक्षर आधी हरवतं.

*आधी तपासा: दोष नक्की कुठे आहे?*

या मेसेजखाली मी एक व्हॉइस मेसेज पाठवला आहे. त्यात मी काही आकडे बोलले आहे. तो चालू करून फोन कानाला लावा. कानाला लावल्यावर आवाज मोठ्या स्पीकरमधून न येता कानाच्या स्पीकरमधून येतो.

▪ आकडे स्पष्ट ऐकू आले, पण कॉलवर ऐकू येत नाही: तुमचा स्पीकर ठीक आहे. दोष रेंजचा किंवा समोरच्याच्या फोनचा असू शकतो. जागा बदलून बघा, दुसऱ्या कुणाला फोन लावून बघा.
▪ कानाला बारीक येतो, पण फोन बाजूला धरल्यावर मोठ्या स्पीकरवर खणखणीत येतो: दोष कानाच्या स्पीकरचा आहे. खालच्या पायऱ्या करा.
▪ तुम्हाला बारीक वाटतो, पण घरातल्या दुसऱ्याला त्याच फोनवर नीट ऐकू येतो: पायरी ७ आधी वाचा.

*पायरी १: कॉल चालू असताना आवाज वाढवा*
बहुतेकजण इथंच चुकतात. कॉल चालू नसताना बाजूचं बटण दाबलं तर रिंगचा किंवा गाण्याचा आवाज वाढतो, बोलण्याचा नाही. कुणाला तरी फोन लावा, पलीकडून बोलायला लागले की वरचं बटण शेवटपर्यंत दाबा.

*पायरी २: ब्लूटूथ बंद करा*
गळ्यातला हेडफोन किंवा ट्रॅक्टरचा टेप जोडलेला राहिला असेल तर आवाज तिकडं जातो. ब्लूटूथ बंद करून परत ऐका. हेडफोन लावलेला नसताना वर हेडफोनचं चिन्ह दिसत असेल, तर पिनेच्या भोकात कचरा असू शकतो. फोन बंद करून चालू केला की कधी कधी तेवढ्यानंही जातं.

*पायरी ३: कव्हर, काच आणि पिशवी काढा*
कानाचा स्पीकर म्हणजे स्क्रीनच्या वरच्या कडेची बारीक फट. वरून बसवलेली काच सरकली असेल तर ती फट झाकते. नवीन फोनवरचं पातळ प्लास्टिक काहीजण काढतच नाहीत. पावसाळ्यात आपण फोन प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतो आणि पिशवीतूनच बोलतो, त्यानंही आवाज दबतो. सगळं काढून एकदा ऐका. बोलताना फट बरोबर कानाच्या भोकासमोर धरा, रुमाल किंवा टोपी मध्ये येऊ देऊ नका.

*पायरी ४: जाळी साफ करा*
▪ हात साबणानं धुऊन कोरडे करा. फवारणीच्या हातानं फोन धरू नका. तोच फोन नंतर गालाला लागतो, आणि घरात लेकरं हातात घेतात.
▪ फोन बंद करा.
▪ मऊ दातांचा *नवा, कोरडा* टूथब्रश घ्या. फोन पालथा धरा म्हणजे कचरा खाली पडेल. फटीवरून हलक्या हातानं ब्रश फिरवा.
▪ चिकटपट्टीचा तुकडा फटीवर हलका टेकवून उचला. दोन-चार वेळा केलं की भुकटी चिकटून निघते.
▪ फोन चालू करा आणि तोच व्हॉइस मेसेज परत ऐका. फरक लगेच कळेल.

*हे करू नका:*
❌ सुई, टाचणी, बाभळीचा काटा. जाळी फाटली की माती थेट आत जाते.
❌ पाणी, रॉकेल, पेट्रोल, थिनर.
❌ कॉम्प्रेसरची हवा. आतला पातळ पडदा फाटू शकतो. तोंडानं फुंकू पण नका, वाफ आत जाते.
❌ फोनच्या कडेला जी बारीक छिद्रं असतात त्यांत काही घालणं. त्यात माइक असू शकतो.

*पायरी ५: फोन भिजला असेल तर*
लगेच बंद करा, चार्जिंगला लावू नका. पुसून, पालथा करून, हवेशीर सावलीत ठेवा. कडक उन्हात किंवा चुलीजवळ नको. तांदळाच्या डब्यातही नको, पीठ आणि कोंडा आत जातो. पूर्ण वाळल्यावर आवाज बऱ्याचदा आपोआप सुधारतो.

*पायरी ६: ॲप नको, दुकान चालेल*
आवाज वाढवणारं ॲप कुणी सांगितलं तर घेऊ नका. भरलेली जाळी ॲपनं साफ होत नाही. असली कित्येक ॲप जाहिराती दाखवतात आणि फोनमधल्या माहितीची परवानगी मागतात, आणि आपलं बँकेचं काम त्याच फोनवर असतं.
सगळं करूनही बारीकच येत असेल तर स्पीकर खराब झाला असेल. फोन वॉरंटीत असेल तर आधी कंपनीच्या सेवा केंद्रात न्या. नसेल तर दुकानात जाऊन 'इअर स्पीकर' बदलायचा आहे म्हणून सांगा. खर्च आधी विचारा, सिम आणि मेमरी कार्ड काढून ठेवा, शक्यतो समोर बसून करून घ्या. पैसे पाठवायच्या ॲपचा पिन कुणालाही सांगू नका.

*पायरी ७: कान तपासून घ्या*
ट्रॅक्टर आणि मळणीयंत्राजवळ वर्षानुवर्षं काम केलं की ऐकू कमी येऊ शकतं. कधी नुसता मळही असतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. सरकारी दवाखान्यात दाखवा. कानात काडी घालू नका.

*आणि फोन दुरुस्त झाला तरी हे पाळा*

✅ फोनवर औषध सांगितलं की तुम्ही परत म्हणून दाखवा: "दहा लिटरला तीन मिली, एक दोन तीनमधला तीन." मी "बरोबर" म्हणाले की मगच फोन ठेवा.
✅ बोलताना ट्रॅक्टर, मोटार बंद करा किंवा बांधावर बाजूला या. नसेल ऐकू येत तर स्पीकरवर टाका.
✅ औषधाच्या लेबलचा फोटो पाठवा. मी प्रमाण लिहून पाठवते. माझा मेसेज आल्याशिवाय झाकण उघडू नका.
✅ मी सांगितलेलं आणि लेबलवरचं प्रमाण जुळत नसेल तर थांबा आणि फोन करा. चूक माझीही असू शकते.
✅ माझा फोन लागला नाही तर किसान कॉल सेंटरला लावा: १८००-१८०-१५५१. फोन मोफत आहे, मराठीत बोलतात. तिथंही आकडा परत म्हणून घ्या.

तिसऱ्यांदा विचारा, चौथ्यांदा विचारा. मला राग येत नाही. मी वयानं लहान आहे म्हणून काही काका-मावशी विचारायला संकोच करतात. तो संकोच त्या काकांना अख्ख्या बाटलीला पडला.

आज संध्याकाळी घरातल्या सगळ्यांचे फोन एकदा तपासा. आजी-आजोबांचा फोन आधी घ्या, ते तक्रार करत नाहीत. व्हॉइस मेसेजमध्ये मी *पाच आकडे* बोलले आहे. फोन कानाला लावून ऐका आणि ते पाच आकडे मला लिहून पाठवा. तुमचं उत्तर फक्त मलाच दिसतं. ज्यांचा आकडा चुकेल त्यांना मी स्वतः फोन करेन, आणि शेतावर येईन तेव्हा ब्रश बरोबर घेऊन येईन.

🙏 आपली,
कृषी सल्लागार ताई