त्याच बाकावर बसा

भर उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा सदरा घालणारा एखादा मुलगा तुम्ही पाहिला असेल. त्याच्या कोपरांवर लालसर चट्टे असतात. त्यांवर चांदीसारखे पांढरे पापुद्रे येतात आणि गळून पडतात. ते पाहून काही मुले त्याच्या बाकावर बसत नाहीत. हा रोग आपल्यालाही होईल, असे त्यांना वाटते. ही भीती खरी आहे का?

या आजाराचे नाव सोरायसिस. आपल्या त्वचेच्या खालच्या थरात नव्या पेशी तयार होतात. त्या हळूहळू वर येतात व सुमारे एका महिन्याने गळून पडतात. सोरायसिसमध्ये हेच काम काही दिवसांतच उरकते. त्यामुळे पेशींचे थर साचतात, त्वचा जाड होते आणि खाज सुटते.

असे का होते? रोगप्रतिकारक शक्ती जंतूंशी लढून आपले रक्षण करते. या आजारात ती आपल्याच त्वचेवर उलटते. घरात कोणाला हा आजार असेल, तर तो होण्याची शक्यता वाढते. मात्र हात मिळवल्याने किंवा एका ताटात जेवल्याने तो कोणालाही होत नाही.

पूर्वी लोक सोरायसिसला कुष्ठरोग समजत. १८४१ मध्ये व्हिएन्ना येथील डॉक्टर हेब्रा यांनी हे दोन रोग वेगळे असल्याचे दाखवले. आज तर कुष्ठरोगही औषधांनी पूर्ण बरा होतो. म्हणून कोणत्याही रोग्याला दूर लोटणे योग्य नाही.

सोरायसिस कायमचा बरा करणारे औषध अजून सापडलेले नाही. पण तो आटोक्यात ठेवता येतो. त्यासाठी पुढील गोष्टी लक्षात ठेवा :

१. कोमट पाण्याने आंघोळ करावी. अंग टिपून लगेच व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावावे.
२. चट्टे खाजवू नयेत, पापुद्रे ओढू नयेत. जखम झालेल्या जागी नवा चट्टा उठू शकतो.
३. घसा दुखत असेल तर दुर्लक्ष करू नये. घशाच्या संसर्गानंतर, थंडीत व मनावर ताण आल्यास आजार वाढू शकतो.
४. दुकानातून स्वतःच्या मनाने मलम आणू नये. त्वचारोगतज्ज्ञाने दिलेले औषध मध्येच बंद करू नये.
५. सांधे दुखू वा सुजू लागले, तर डॉक्टरांना लगेच सांगावे.

औषध डॉक्टर देतील. पण वर्गातील एकटेपणावर त्यांच्याकडे औषध नाही. ते काम तुमचे आहे. उद्या त्या मुलाशेजारी जागा रिकामी दिसली, तर तिथे जाऊन बसा. त्याला खेळायला बोलवा. त्याच्या चट्ट्यांविषयी सारखे विचारू नका. कोणी त्याला चिडवले, तर या पाठात वाचलेले समजावून सांगा.

स्वाध्याय
१. सोरायसिसमध्ये त्वचा जाड का होते?
२. हा आजार स्पर्शाने का होत नाही, ते तुमच्या शब्दांत लिहा.
३. ‘आटोक्यात ठेवणे’ व ‘दूर लोटणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.