फ्रान्समधल्या गावची अक्षरे

फ्रान्स म्हटले की लोक पॅरिसचा आयफेल मनोरा सांगतात. मनोरा पाहण्यासारखा आहे, नाही असे नाही. पण देश कळायचा तर खेड्यात शिरावे, असे आमचे मत आहे. चला तर वाचकहो, मनाने तिकडे जाऊ.

सकाळी माणसे पाव आणायला निघतात. काठीसारखा लांब पाव, काखेत धरून नेतात. त्याला म्हणतात ‘बागेत’. आपल्या बागेशी त्याचा काही संबंध नाही बरे का! त्या शब्दाचा अर्थच काठी. पाव ही तिकडची भाकरी. १७८९ साली पाव महागला, मिळेनासा झाला. तेव्हा ५ ऑक्टोबरला पॅरिसच्या बाया भर पावसात व्हर्सायच्या राजवाड्यावर चालून गेल्या. वीस किलोमीटरची वाट! दुसऱ्या दिवशी राजाराणीला घेऊनच परतल्या.

पुढे गावची कचेरी लागते. दारावर बहुधा तीन शब्द कोरलेले असतात: स्वातंत्र्य, समता, बंधुता. ते आपल्या राज्यघटनेच्या आरंभीही आहेत.

मग शाळा. १८८१ साली सरकारी प्राथमिक शाळांची फी माफ झाली. १८८२ साली सहा ते तेरा वर्षांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे झाले. मुलींनाही, हे ध्यानात घ्या.

चौकात एक दगड उभा असतो. त्यावर १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात पडलेल्या गावकऱ्यांची नावे. एकेका आडनावाची दोन-दोन, तीन-तीन. घरात कोण उरले असेल?

त्या युद्धात आपलीही माणसे गेली. उत्तरेकडे लिल शहर आहे. तिथून वीसेक किलोमीटरवर नव शापेल नावाचे गाव आहे. पुण्याजवळच्या खडकीची सॅपर पलटण, म्हणजे खंदक खणणारे, पूल बांधणारे शिपाई. तिच्या दोन कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजी याच गावात लढल्या. पुष्कळ जण परत आले नाहीत. गावाबाहेर १९२७ साली हिंदी सैनिकांचे स्मारक उभारले. ज्यांची समाधी कुठे सापडली नाही, अशा ४,७०० हून अधिक जणांची नावे तिथे भिंतीवर आहेत. मधल्या खांबावर देव एक आहे अशा अर्थाची ओळ चार भाषांत कोरली आहे. त्यातली एक आपल्या देवनागरीत! इतक्या दूर, परमुलखात.

यांतल्या अनेक शिपायांना लिहिता येत नव्हते. ते सोबत्याकडून पत्र लिहवून घेत. इथल्या बायका शिकलेल्या आहेत, शेतही त्याच सांभाळतात, असे ते घरी कळवीत. मुलींना शाळेत घाला, असेही काहींनी लिहविले. सरकार ही पत्रे उघडून तपासत असे. त्यांचे इंग्रजी तर्जुमे लंडनच्या ग्रंथालयात आजही जपलेले आहेत. आणि पत्र गावी पोचले, की ते वाचायला पुष्कळ घरांत कोणी नसे. मग पत्र घेऊन म्हातारी आई वाचणारा शोधत फिरे.