पित्याचा ठेवा

गोदावरीच्या तीरावरील नाशिक नगरीत २८ मे १९२१ रोजी दत्तात्रेय विष्णु पलुस्कर यांचा जन्म झाला. त्यांचे वडील पंडित विष्णु दिगंबर हे थोर गायक होते. संगीतविद्या सर्वांना सुलभ व्हावी, म्हणून त्यांनी १९०१ साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. पुढे मुंबईत या विद्यालयाची भव्य इमारत उभी राहिली. परंतु कर्जापायी तिचा लिलाव झाला. तरीही पंडितजी खचले नाहीत. नाशिकच्या रामनाम आधार आश्रमात राहून त्यांनी आपले उत्तर आयुष्य रामभक्ती व गायन यांत वेचले.

१९३१ साली पंडितजी निवर्तले. तेव्हा दत्तात्रेय अवघा दहा वर्षांचा होता. ज्यांच्यापाशी बसून गाणे शिकावे, तेच आता उरले नव्हते. पित्याने मागे संपत्ती ठेवली नव्हती. मात्र शिष्य ठेवले होते. त्यांपैकी विनायकराव पटवर्धन यांनी १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले व गुरुपुत्राला आपल्या हाताखाली शिकविले. नारायणराव व्यास यांनीही त्याला विद्या दिली. पंडितजींनी शिष्यांना दिलेले दान असे त्यांच्या पुत्राकडे परत आले.

परंतु गुरूने शिकविलेले गळ्यात उतरण्यास स्वतःचेच श्रम लागतात. दत्तात्रेयाने ते मनापासून केले. १९३५ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, तो जालंधरच्या हरिवल्लभ संगीत संमेलनात गायला. १९४४ साली त्याची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचेच गाणे मावत असे. मैफलीत ज्या रागाचा विस्तार तासभर करावा, त्याचे रूप इतक्या अल्प वेळात उभे करणे ही मोठीच कसोटी होती. दत्तात्रेय तिला उतरले. त्यांचे राग व भजने घरोघरी पोहोचली. १९५२ साली ‘बैजू बावरा’ या चित्रपटासाठी ते उस्ताद अमीर खाँ यांच्या जोडीने गायले.

१९५५ साली भारताच्या सांस्कृतिक मंडळाबरोबर ते चीनला गेले. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या ध्वनिमुद्रिका रसिक आजही आवडीने ऐकतात. पित्याचे नाव त्यांना जन्मतःच लाभले होते. पित्याची विद्या मात्र त्यांनी कष्टाने मिळविली.