साबण मळ कसा काढतो?

आषाढाचा महिना होता. कोळवणच्या खोऱ्यात पावसाची झड लागली होती. वळकी नदी दुथडी भरून वाहत होती. खाचरांत भाताची लावणी चालली होती.

दुपारी घरधनी घरी आला. सकाळी त्याने पॉवर टिलर दुरुस्त केला होता. मग चिखलणी केली होती. हाताला चिखल होता. वंगणही होते. त्याने दोन्ही हात बादलीत बुचकळले आणि टॉवेलला पुसले.

घरात लहान पोर आजारी होते. दोन दिवस त्याला जुलाब होत होते. आजी त्याला मीठ-साखरेचे पाणी पाजत होती. बाप त्याला भात भरवायला बसला.

आजी म्हणाली, "थांब रे बाबा! आधी साबणानं हात धू."

"धुतले की आई! चिखल गेला सगळा."

"चिखल गेला. पण वंगण गेलं का? बघ बरं."

त्याने हात पाहिले. तळवे काळे आणि चिकट होते. त्यांवर पाण्याचे थेंब वेगळे उभे होते. तो ओट्यावर गेला. आजीने तांब्याने पाणी घातले. त्याने साबण चोळला. फेस काळा झाला. पाणी घालताच हात स्वच्छ झाले.

"आई, पाण्यानं जे गेलं नाही, ते साबणानं कसं गेलं?"

आजीला ते सांगता येईना. चला, आपण समजून घेऊ.

दोन टोकांचा कण

तेल आणि पाणी यांचे जमत नाही. वंगण हे तेलाच्याच जातीचे. म्हणून नुसते पाणी त्याला सोडवीत नाही.

साबण तेल आणि कॉस्टिक सोडा यांपासून करतात. साबणाचा कण फार बारीक असतो. असे सुमारे चार लाख कण एकापुढे एक ठेवले, तर एक मिलिमीटर भरेल!

या कणाला एक डोके असते आणि एक लांब शेपूट असते. डोक्याला पाणी आवडते. शेपटीला पाणी नको असते. तिचे तेलाशी जमते.

साबण पाण्यात विरघळला की हे कण आधी पाण्याच्या वरच्या अंगाला येतात. डोके पाण्यात, शेपूट वर हवेत. आपली भाताची रोपे अशीच उभी असतात ना? मुळे चिखलात, शेंडे वाऱ्यावर. तसेच हे.

पाण्याचे वरचे अंग भरून गेले, म्हणजे उरलेले कण काय करतात? ते पाण्याच्या आत एकत्र जमतात. पन्नास-शंभर कण मिळून एक गोळी होते. शेपट्या आत लपतात. डोकी बाहेर राहतात. शास्त्रज्ञ या गोळीला 'मिसेल' म्हणतात. कोणी मुकादम त्यांना हुकूम देत नाही. शेपटीला पाणी टाळायचे असते. म्हणून ही मांडणी आपोआप होते.

आता वंगणाकडे पाहू. कणांच्या शेपट्या वंगणात घुसतात. डोकी पाण्यातच राहतात. आपण हात चोळतो. वंगणाचे बारीक थेंब सुटतात. प्रत्येक थेंबाभोवती साबणाचे कण उभे राहतात. मग तो थेंब पुन्हा हाताला सहज चिकटत नाही. पाणी त्याला घेऊन जाते.

जंतूंचे काय?

जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. ते हाताच्या मळात आणि तेलकटपणात बसतात. साबण सगळेच जंतू मारतो असे नाही. पण तो त्यांची पकड सोडवतो. मग वाहते पाणी त्यांना नेते. म्हणून हात बादलीत बुचकळू नयेत. वरून पाणी घालावे.

काही विषाणूंना चरबीचे वेष्टण असते. 2020 साली कोरोनाची साथ आली. त्या विषाणूलाही असेच वेष्टण आहे. साबणाच्या शेपट्या त्यात घुसतात आणि ते फोडतात. म्हणून तेव्हा सगळे सांगत होते, "वीस सेकंद हात चोळा."

रिठा आणि एक जर्मन बाई

साबण नव्हता तेव्हा आपल्या आया-आज्या रिठा आणि शिकेकाई वापरीत. त्यांचा फेस येतो, कारण त्यांतही दोन टोकांचे कण असतात.

जर्मनीत आग्नेस पोकेल्स नावाची बाई होती. तिला कॉलेजात शिकायला मिळाले नाही. ती घरचे काम करी. भांडी घासताना ती पाण्यावरचा तेलकट थर निरखून पाही. घरातल्याच साहित्यातून तिने एक साधन बनवले आणि त्या थराची मोजमापे केली. तिने इंग्लंडच्या एका मोठ्या शास्त्रज्ञाला पत्र लिहिले. 1891 साली ते पत्र 'नेचर' या नामांकित साप्ताहिकात छापून आले. आजही शास्त्रज्ञ तिचे नाव आदराने घेतात. मोरीपाशी उभे राहूनही शास्त्र शिकता येते, ते असे.

करून पाहा

ताटलीत पाणी घ्या. त्यावर चिमूटभर मिरपूड टाका. बोटाला साबण लावा आणि मधोमध टेकवा. मिरपूड कडेला पळेल! पाण्याचे वरचे अंग ताणलेले असते. साबणाचे कण तिथे पसरतात. मधला ताण कमी होतो. कडेचे पाणी मिरपूड आपल्याकडे ओढते.

लक्षात ठेवा

परसाकडे जाऊन आल्यावर, मुलाचे शी-शू धुतल्यावर, स्वयंपाकाआधी, जेवणाआधी आणि मुलाला भरवण्याआधी साबणाने हात धुवावेत. बोटांच्या बेचक्या आणि नखेही चोळावीत.

हात दिसायला स्वच्छ असला म्हणजे तो स्वच्छ झाला असे नाही. आजीने मुलाला थांबवले, ते याचसाठी.

प्रश्न

1. साबणाच्या कणाच्या कोणत्या टोकाला पाणी नको असते?
2. हात बादलीत का बुचकळू नयेत?
3. तुमच्या घरात हात धुण्याच्या जागी साबण ठेवला आहे का?