मधुमेही श्वानाला घरी इन्शुलिन देताना

इन्शुलिनच्या शोधात श्वानजातीचा वाटा मोठा आहे. कॅनडातील टोरांटो विद्यापीठात १९२१ साली फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी आपले प्रयोग कुत्र्यांवर केले आणि जानेवारी १९२२ मध्ये हे औषध मधुमेही माणसाला प्रथम टोचण्यात आले. आज तेच औषध मधुमेही कुत्र्याचेही प्राण राखते.

कुत्र्याला सतत तहान लागणे, वारंवार लघवी होणे व भरपूर खाऊनही ते वाळत जाणे, ही या रोगाची लक्षणे होत. रक्त व लघवी तपासून निदान झाल्यावर बहुधा जन्मभर, दिवसातून दोन वेळा, १२ तासांच्या अंतराने इन्शुलिन द्यावे लागते. हे काम घरच्या माणसाला सहज शिकता येते. मात्र पहिली टोचणी पशुवैद्यांच्या देखत द्यावी.

कुत्र्याने नेहमीप्रमाणे खाल्ल्यावरच इन्शुलिन द्यावे. खाल्ले नाही किंवा उलटी झाली, तर आधी पशुवैद्यांना विचारावे. दुधट दिसणारे इन्शुलिन कुपीवरील सूचनेप्रमाणे एकजीव करावे. मात्रा भरून हवेचे बुडबुडे काढावेत. पाठीच्या बाजूची सैल कातडी चिमटीत उचलून सुई कातडीखाली तिरपी घालावी. जागा दररोज थोडी बदलावी.

खरी दक्षता मापात हवी. इन्शुलिन एका मिलिलिटरमध्ये ४० किंवा १०० युनिट अशा दोन तीव्रतांचे मिळते आणि प्रत्येकाची सिरिंज वेगळी असते. ४० च्या सिरिंजमध्ये १०० चे इन्शुलिन १० च्या रेघेपर्यंत भरल्यास प्रत्यक्षात २५ युनिट जातात. एवढी चूक प्राणावर बेतू शकते. म्हणून कुपी व सिरिंज यांवरील आकडा प्रत्येक वेळी जुळवून पाहावा. मात्रा पूर्ण गेली की नाही अशी शंका आल्यास दुसऱ्यांदा टोचू नये.

रक्तातील साखर फार उतरल्यास कुत्रे झोकांड्या खाते, थरथरते, त्याला झटकेही येतात. अशा वेळी शुद्धीत असल्यास त्याला खाऊ घालावे. गिळता येत नसल्यास मध किंवा साखरेचा दाट पाक हिरड्यांवर चोळून तत्काळ दवाखाना गाठावा.

इन्शुलिन फ्रिजमध्ये ठेवावे, गोठू देऊ नये. वापरलेल्या सुया जाड डब्यात साठवून दवाखान्यात द्याव्यात. घरातील एकाच व्यक्तीने वेळ व मात्रा वहीत टिपून ठेवल्यास एकच मात्रा दोघांच्या हातून दिली जाण्याचा धोका टळतो. मुक्या जीवाला आपले दुखणे सांगता येत नाही. म्हणून ही वहीच पशुवैद्यांपुढे त्याच्या वतीने बोलते.