‘सिली मिस्टेक’चा पत्ता

दहावीचा निकाल लागला की माझ्याकडे येणाऱ्या पालकांचं पहिलं वाक्य जवळजवळ ठरलेलं असतं. “येतं हो त्याला सगळं, फक्त सिली मिस्टेक होतात.” मुलगा शेजारी बसून मोबाईलच्या कव्हरशी चाळा करत असतो. त्यालाही हे निदान सोयीचंच वाटतं. कारण सिली मिस्टेकवर औषध एकच, ‘लक्ष देऊन कर’, आणि त्या औषधाचा गुण आल्याचं मी तरी अजून पाहिलेलं नाही.

गेल्या वर्षी जूनमध्ये एक आई मुलीला घेऊन आल्या. नुकतीच दहावी झालेली, सायन्स घ्यायचं पक्कं. आईंच्या फोनवर ॲपचा रिपोर्ट होता: सुट्टीतल्या दोन महिन्यांत १,४०० गणितं, त्यातली ६१ टक्के बरोबर. “रोज तासभर बसते, मी स्वतः बघते. तरी क्लासच्या टेस्टमध्ये मार्क तेवढेच.” मी मुलीकडे रफ वही मागितली. वही नव्हतीच. हाताला लागेल त्या कागदावर करते, म्हणाली. कागद कुठाय? “टाकून दिला.”

म्हणजे साडेपाचशेच्या आसपास चुका झाल्या होत्या आणि त्यातल्या एकीचाही कागद घरात शिल्लक नव्हता.

तिथेच तिला एक गणित दिलं: क्ष² = ५क्ष. तिने दोन्ही बाजूंचा एकेक क्ष कट केला, ५ टाइप केलं, बटण दाबलं. लाल फुली आली. ‘उत्तर पाहा’ दाबून तिने वाचलं, “अच्छा, शून्यपण आहे,” म्हणाली आणि ‘पुढे’ दाबलं. सगळा प्रकार दहा सेकंदांत उरकला. मी थांबवलं. शून्य कुठून आलं? “वर्गसमीकरणाला दोन उत्तरं असतात ना, म्हणून.” हे पाठांतर झालं, कारण नव्हे. मग कागदावर पुन्हा करायला लावलं आणि विचारलं, क्ष कट केला म्हणजे नक्की काय केलं? “दोन्ही बाजूंना क्षने भागलं.” आणि तो क्ष शून्य असेल तर? ती पेन्सिल तशीच धरून बसली. “मग मी शून्याने भागत होते?”

यानंतर लगेच दुसरं गणित दिलं: क्ष(क्ष − ३) = २(क्ष − ३). हात सवयीने कंस कट करायला गेला, अर्ध्यात थांबला. उत्तर आलं २ आणि ३. पहिल्या फुलीवर तिने दहाच सेकंद दिले असते तर इथे ३ तसाच हरवला असता. ॲपने दुसरी फुली दिली असती आणि दोन वेगवेगळ्या धड्यांतल्या या दोन फुल्या एकाच चुकीच्या आहेत, हे कुणाच्याच लक्षात आलं नसतं.

मुलांच्या चुका इकडेतिकडे उडालेल्या ठिणग्या नसतात, त्यांना पत्ता असतो. हे मी अनुभवावरून म्हणतोच, पण अमेरिकेत जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये ते पद्धतशीर दाखवलं. वजाबाकीत चुकणाऱ्या मुलांची उत्तरं घेऊन त्यांनी ‘बगी’ नावाचा संगणक प्रोग्राम केला. ५०३ वजा २६८ याचं उत्तर एखादं मूल ३६५ लिहितं. बरोबर उत्तर २३५. धांदरटपणा म्हणून आपण सोडून देतो. पण नीट बघा: ८ मधून ३ गेले ५, ६ मधून ० गेले ६, ५ मधून २ गेले ३. मुलाचा नियम पक्का आहे, ‘मोठ्यातून लहान वजा करायचं’, आणि तो ते इमानदारीने पाळतंय. हा नियम हातात आला की हे मूल ७०१ वजा ३५४ ला काय लिहील तेही आधीच सांगता येतं: ४५३. अशा मुलाला आणखी पन्नास वजाबाक्या दिल्या तर काय होईल? चुकीचा नियम पन्नास वेळा गिरवला जाईल.

स्पर्धा परीक्षांचे पेपर काढणाऱ्यांना हे पत्ते तोंडपाठ असतात. साइन २क्ष चा विकलज विचारला की पर्यायांत २ कॉस २क्ष असतो, पण शेजारी नुसता कॉस २क्ष हमखास बसवलेला असतो. साखळी नियम विसरलेला मुलगा तिथेच जातो आणि स्वतःचं उत्तर पर्यायात सापडल्यामुळे खूश होऊन पुढे सरकतो. एमएचटी-सीईटीत गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण आणि ९० मिनिटं. चुकलं तर गुण कापत नाहीत. जेईई मेनमध्ये बरोबर उत्तराला ४ मिळतात, चुकल्यास १ जातो. दोन्हीकडे पायऱ्यांना गुण नाहीत. बोर्डाच्या पेपरात रीत बरोबर असली तर थोडे गुण पदरात पडतात, त्यामुळे दहावीत झाकल्या गेलेल्या चुका बारावीत सीईटीच्या वेळी एकदम उघड्या पडतात. उलटही होतं. दोन वर्षं फक्त पर्याय टिचकावणाऱ्या मुलाला बोर्डात सिद्धता लिहिताना ‘पक्ष’ काय आणि ‘साध्य’ काय तेच सुचत नाही.

ऑनलाइन सरावाचा मी विरोधक नाही. वर्गात साठ-सत्तर मुलं असताना प्रत्येकाची वही त्याच दिवशी तपासणं शिक्षकाला शक्य नसतं आणि वही आठ दिवसांनी परत आली की आपण काय विचार करून ते लिहिलं होतं हे मूलच विसरलेलं असतं. फोन तत्क्षणी सांगतो. शिवाय साहित्य फुकट आहे: खान अकॅडमी आहे, दीक्षा ॲप आहे, बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड छापलेले आहेत, जेईईसाठी एनटीएच्या संकेतस्थळावर सराव चाचण्या आहेत. हजारो रुपयांचं पॅकेज घ्यायच्या आधी हे दोन महिने वापरून पाहा, हा माझा प्रामाणिक सल्ला. मात्र फोन निकाल देतो, निदान बहुतेक वेळा देत नाही. ते कागदावर, आपल्यालाच करावं लागतं.

म्हणून त्या मुलीला मी एक दोनशे पानी वही घ्यायला सांगितली. गणित स्क्रीनवर वाचायचं, पण सोडवायचं वहीत, तारीख टाकून. फुली आली की उत्तर पाहायचं नाही. आधी आपल्याच ओळी वरून खाली वाचायच्या आणि गाडी कुठे घसरली त्या ओळीवर बोट ठेवायचं. सापडलं नाही तरच उत्तर उघडायचं. मग समासात एका वाक्यात लिहायचं, काय केलं आणि का. ‘घाई’, ‘सिली’, ‘लक्ष नव्हतं’ या शब्दांना वहीत बंदी. ‘कंसाबाहेर वजा होतं, दुसऱ्या पदाचं चिन्ह बदललं नाही’ असं लिहिलं तर चालेल. तेच गणित तीन दिवसांनी, मग आठवड्याने कोऱ्या पानावर पुन्हा. रोज वीस गणितं पुरेत, तीही धडे मिसळून. आईंना हा आकडा कमीच वाटला.

व्हिडिओंबद्दल एकच सांगतो. शेजारणीला भाकरी थापताना वर्षभर पाहिलं म्हणून आपली भाकरी गोल होत नाही, पहिली तव्यावर फाटतेच. व्हिडिओ दहा मिनिटं, हात चाळीस मिनिटं. ॲपमधले तारे आणि ‘सलग ४५ दिवस’वाली ज्योत यांचाही मोह सांभाळा. ज्योत विझू नये म्हणून रात्री अकरा वाजता सोपा धडा उघडून पाच गणितं उडवणारी मुलं मी पाहिली आहेत.

काही चुका तर मुलाच्या नसतातच. मराठीत आपण ‘सत्तावीस’ म्हणताना आधी सात उच्चारतो आणि लिहिताना आधी दोन. लहान मुलं ७२ लिहितात ते यामुळे. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ अशी वाचनाची सोय दिली, तेव्हा केवढी टिंगल झाली! गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर तिच्यामागचं कारण शांतपणे सांगत राहिल्या. पद्धत कुणाला पटो न पटो, मूल चुकतं त्यामागे काही कारण असतं हे गृहीत धरून कुणीतरी पुस्तक लिहीत होतं, हे मला मोलाचं वाटतं.

पालकांनी काय करावं? संध्याकाळी ‘किती झाले? किती बरोबर?’ हे विचारणं सोडावं. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला एक अभ्यास आहे. काही मुलांना कामावर फक्त शेरा दिला, काहींना फक्त गुण, काहींना दोन्ही. सुधारली ती फक्त शेरा मिळालेली मुलं. गुण शेजारी दिसले की शेऱ्याचा उपयोगच झाला नाही. तेव्हा विचारायचंच असेल तर ‘आज कुठली चूक सापडली?’ हे विचारा. आणि तुम्हाला गणित येत नसेल तर उत्तमच. मुलाला ती चूक तुम्हाला समजेल अशी सांगावी लागेल.

‘गणित सोडलं तर चालेल का?’ हाही नेहमीचा प्रश्न. इंजिनिअरिंगच्या बहुतेक शाखांसाठी बारावीला गणित लागतं, एनडीएच्या लेखी परीक्षेत १२० प्रश्नांचा, ३०० गुणांचा गणिताचा स्वतंत्र पेपर असतो. पण कॉमर्सला जाऊन सुटका होईल हा भ्रम आहे. सीए फाउंडेशनला गणित-संख्याशास्त्राचा पेपर आहे, बँकांच्या पूर्व परीक्षेत अंकगणित आहे. लॉच्या क्लॅटमध्येही थोडं का होईना आहेच. सोडायचं तर आवड नाही म्हणून सोडा. साडेपाचशे फुल्यांकडे न पाहता ‘माझं डोकंच गणिताचं नाही’ ठरवून सोडू नका.

दिवाळीच्या सुट्टीत त्या आईंचा फोन आला. आवाज घाबरलेला. “सर, ॲपवर टक्केवारी खाली आलीय. ५४. आधी ६१ होती!” मी विचारलं, धडे मिसळून करतेय का? हो, तुम्हीच सांगितलंत. मग मी त्यांना रोहरर आणि टेलर यांचा २००७ चा प्रयोग सांगितला. घनफळाची गणितं एका गटाने प्रकारवार केली, दुसऱ्याने सरमिसळ. सरावात प्रकारवारवाल्यांची ८९ टक्के बरोबर, सरमिसळवाल्यांची ६०. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा प्रकारवारवाले २० वर आले, सरमिसळवाले ६३ वर. धडा समोर उघडा असला की कुठलं सूत्र लावायचं हे शोधावंच लागत नाही. परीक्षेत मात्र तेच शोधायचं असतं.

आईंना हे कितपत पटलं कोण जाणे. मी म्हटलं, वहीचे फोटो पाठवा. रात्री सोळा पानं आली. समासात बारीक, तिरक्या अक्षरात नोंदी. ‘भागण्याआधी विचार, हा शून्य तर नाही?’ ही नोंद जुलैत चार वेळा होती, ऑगस्टमध्ये एकदा. त्यापुढच्या पानांवर मी ती शोधली, सापडली नाही. तिथे आता ‘लॉगच्या आत ऋण संख्या आली, तपासलं नाही’ असं लिहिलेलं होतं, खाली दोन रेघा मारून.